यादीत निळं, नकाशात हिरवं

आमच्या गल्लीच्या टोकाच्या मैदानात एका सकाळी पाटी उभी राहिली. मी दूध आणायला निघाले होते, पिशवी हातात घेऊन तिच्यासमोर थांबले. हिंदीत लिहिलं होतं की या जमिनीचा लँड-यूज बदलून इथे मोठं दुकान बांधायची परवानगी मागितली आहे, कुणाची काही आपत्ती, म्हणजे हरकत, असेल तर महिन्याच्या आत लेखी द्यावी. खाली दुकानाचं चित्र. आमची अख्खी गल्ली त्याच्या पार्किंगमध्ये मावली असती एवढं मोठं. चित्रात झाडं होती, ट्रॉल्या होत्या, ट्रॉलीत बसलेली गोबऱ्या गालांची मुलं होती. दुधाचं विसरून मी तशीच घरी परतले.

खोटं कशाला बोलू, मला असली दुकानं आवडतात. सुनेबरोबर बायपासच्या दुकानात जाते तेव्हा ट्रॉली मीच ढकलते. गार हवेत तासभर फिरायचं, नको त्या चार वस्तू उचलायच्या आणि जिच्यासाठी गेलो ती विसरून घरी यायचं, याच्यात मजा आहेच. पण माणसाला जिलेबी आवडते म्हणून कुणी त्याच्या पलंगावर कढई मांडत नाही. शहर चारी दिशांनी एवढं पसरलं, तुम्हाला आमचंच मैदान सापडलं का?

मैदान म्हणजे बाहेरच्या माणसाला दाखवायला काही नाही. माळव्याची काळी माती, उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल, एका कोपऱ्यात कडुनिंब, दुसऱ्यात बुजवलेली विहीर. गवत जेमतेम. पण मी त्याच्यावर लहानाची मोठी झाले. सितोलिया, म्हणजे लगोरी, खेळले, सायकल शिकले, गुडघे फोडून घेतले. आणि संक्रांतीला काय रंग असायचा तिथे. बाकीच्या गावांत लोक पतंग उडवतात, आम्ही इंदूरवाले संक्रांतीला गिल्ली-डंडा खेळतो. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे. एरवी दफ्तरात साहेब म्हणून मिरवणारी माणसं त्या दिवशी धोतर-पँट सावरत गिल्लीमागे धावायची आणि बायका कडेला तिळगुळाचे डबे घेऊन त्यांची टर उडवायच्या. मीही उडवलीय, भरपूर.

या मैदानाचा मालक कुणी सेठ होता. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. तो गेला, त्याची मुलं परगावी गेली, आता नातवांनी जमीन या दुकानवाल्यांना देऊ केली होती.

पाटी लागली त्याच संध्याकाळी महूवाला दादा घरी आला. दादा माझ्या शेजारचा, लग्नानंतरही मी बाबांच्याच घरात राहिले म्हणून जन्माचा शेजारी, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आयुष्यभर रोज महूला जाऊन-येऊन नोकरी केली म्हणून सगळी गल्ली त्याला महूवाले म्हणते. लहानपणी तो आमच्या सितोलियाच्या टीमचा कप्तान होता आणि माझा नेम चांगला म्हणून मला मुलांच्या टीममध्ये घ्यायचा. आता गुडघे दुखतात, कानाला मशीन आहे, पण कप्तानी सुटली नाही. गल्लीच्या समितीचा अध्यक्ष तोच. आपत्तीचा अर्ज त्याने आधीच लिहून आणला होता.

तो म्हणाला, घाबरायचं काम नाही. शहराच्या मास्टर प्लॅनमध्ये हे मैदान हिरवं दाखवलंय. हिरवं म्हणजे बाग नाहीतर खेळाचं मैदान. हिरव्यावर दुकान बांधणं म्हणजे खायची गोष्ट नाही. पहिल्या प्लॅनमध्ये हिरवं होतं, म्हणून पुढच्या प्रत्येक प्लॅनमध्ये हिरवंच राहिलं. आणि मग माझ्याकडे बघून हसला.

"तुझ्या बाबांचा रंग आहे. पक्का."

मी हसले नाही. आत जाऊन चहा टाकला आणि तो उकळून अर्धा होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिले.

बाबा नकाशे काढायचे. सरकारी दफ्तरात ड्राफ्ट्समन. आजोबा संस्थानच्या काळात कारकून, म्हणजे कागद आणि शाई घरातच. बाबांचं अक्षर असं की पत्र आलं की आई आधी पाकीट बघत बसायची, मग उघडायची. ज्या प्लॅनबद्दल दादा बोलत होता त्याची तयारी चालली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काम इतकं साचलं होतं की बाबा रविवारी मोठे नकाशे घरी आणायचे. बैठकीतलं सगळं सामान भिंतीला सरकवायचं, फरशी दोनदा पुसायची, मग नकाशा पसरायचा. चारही कोपऱ्यांवर वाटी, तांब्या, अडकित्ता, खलबत्ता. घरात पाय धुतल्याशिवाय फिरायचं नाही आणि शिंकायचं असेल तर अंगणात जायचं.

नकाशावर रेघा आधीच असायच्या, जमिनीचे लहान-मोठे तुकडे आणि प्रत्येकात एक नंबर. शेजारी टाइप केलेली यादी. यादीत लिहिलेलं असायचं, कुठल्या नंबरला कुठला रंग. घरांना पिवळा, बाजाराला निळा, कारखान्यांना जांभळा, शाळा-दवाखान्यांना लाल, बागा-मैदानांना हिरवा. बाबा ब्रशने तो रंग पाण्यात उतरवून असा पातळ सोडायचे की खालचा नंबर स्वच्छ वाचता यायचा. छोटे तुकडे ते मला भरू द्यायचे. हात हलका ठेव, पाणी जास्त नको, रेघेला शिवायचं पण ओलांडायचं नाही. बास, एवढंच शिकवणं. मला ते जमायचं आणि मला जमतं याचा त्यांना केवढा अभिमान होता. दफ्तरातल्या लोकांना मात्र हे कळू द्यायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती.

रंग वाळला की बाबांचं खरं काम सुरू व्हायचं. यादी घेऊन ते पुन्हा बसायचे आणि एकेक तुकडा ताडून बघायचे. यादीशी रंग जुळला की तुकड्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीचं तिळाएवढं टिंब. दफ्तराचा तसा काही नियम नव्हता. ही त्यांची स्वतःची पद्धत. मी विचारलं होतं की एवढ्याशा टिंबाकडे कोण बघणार? तर म्हणाले, कुणी बघायला नकोच, ते माझ्यासाठी आहे, टिंब दिलं म्हणजे हा तुकडा माझ्या जबाबदारीचा. आणि चूक सापडली तर खिशात कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड असायचं. कागदाची वरची साल त्या ब्लेडने इतक्या अलगद खरवडायचे की रंग जायचा आणि कागद राहायचा. मग नवा रंग. ते ब्लेड त्यांच्या खिशात नसलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाबा कसे होते हे सांगायला एकच गोष्ट पुरे. जमिनीचे प्लॉट पाडून कॉलन्या कापणाऱ्या दुसऱ्याच एका सेठने दिवाळीला आमच्याकडे मिठाईचा डबा पाठवला. बाबा घरी नव्हते, आईने बिचारीने घेतला. आम्ही झाकण उघडून वास घेतला होता, काजूकतलीचे तुकडे मोजून वाटण्याही ठरल्या होत्या. बाबा आले, डबा बघितला, एक शब्द न बोलता सायकलच्या कॅरियरला बांधला आणि पार पलासियापर्यंत जाऊन त्याच्या दुकानात ठेवून आले. येताना आमच्यासाठी पावभर सेव आणली. आम्ही ती रडत रडत खाल्ली. सेव चांगली होती, पण काजूकतली ती काजूकतली.

तर एका रविवारी आमच्याच भागाचा नकाशा फरशीवर आला. मी वाकून बघितलं आणि हरखलेच. ही आमची गल्ली, हा मारुतीचा पार, ही विहीर, आणि हे आमचं मैदान. नंबर सत्तेचाळीस. बाबांना मराठी मंडळाच्या मीटिंगला तासाभरासाठी जायचं होतं. जाताना म्हणाले, सत्तेचाळीसपासून पन्नासपर्यंत भरून ठेव, यादी बघून.

यादी बघितली. सत्तेचाळीस, बाजार. निळा.

मला वाटलं, या साहेब लोकांना काही कळत नाही. मैदान निळं कसं असेल? मैदानाला हिरवा, हे तर बाबांनीच शिकवलं होतं. मी रोज तिथे खेळते, मला माहीत नाही का तिथे बाजार आहे की मैदान? रागच आला मला. ब्रश हिरव्यात बुडवला आणि सत्तेचाळीस नंबर रेघेला रेघ लावून, एक थेंब न सांडता, हिरवा करून टाकला. आयुष्यात तेवढा सुंदर रंग मी पुन्हा भरला नाही.

पाचच मिनिटांत आपण काय केलं ते कळलं. पण रंग एकदा कागदात मुरला की मुरला. बाबा आले, लांबूनच बघून 'छान' म्हणाले, जेवले, आडवे झाले. संध्याकाळी ते यादी घेऊन बसले तशी मी घरातून पळाले, थेट मैदानावर. सितोलियाचा डाव रंगला होता, माझं लक्ष मात्र गल्लीकडे. आणि खरंच, थोड्या वेळाने बाबा येताना दिसले. बाबा मैदानावर कधीच येत नसत. मेले, आता सगळ्यांसमोर ओरडा बसणार, म्हणून मी विहिरीच्या कठड्यामागे दडले. तिथून दिसलं की ते कडुनिंबाखाली उभे राहून खेळ बघतायत. मग त्यांनी दादाला हाक मारली, त्याच्याशी काहीतरी बोलले आणि आले तसे परत गेले. मला बोलावलं नाही. दादाला काय म्हणाले ते विचारायची माझी छाती झाली नाही. जेवताना बाबा गप्प होते, पण नेहमीसारखेच गप्प. सोमवारी नकाशा दफ्तरात गेला. कुणी काही बोललं नाही, आणि मी समजले की सुटले, बाबांच्या लक्षात आलं नाही. पुढे बाबा रिटायर झाले, म्हातारे झाले, गेले. मी त्यांना कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षांच्या वर ती गोष्ट माझ्या एकटीकडे होती.

आपत्तीचा अर्ज गेला, त्यावर दुकानवाल्यांचं उत्तर आलं. दादाने मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली आणि ते उत्तर वाचायला घेतलं. त्यांना जुनी टाइप केलेली यादी कुठूनतरी मिळाली होती. त्यांचं म्हणणं, मूळ यादीत ही जमीन बाजाराची आहे, नकाशात हिरवी झाली ती गडबड आहे, ती सुधारावी. इथपर्यंत ठीक होतं. पुढचं वाक्य वाचताना दादाचा आवाज खाली गेला. लिहिलं होतं की ज्या ड्राफ्ट्समनने हा नकाशा रंगवला त्याचं स्वतःचं घर या जमिनीला लागून होतं, आणि घरासमोर मोकळी जागा राहावी या वैयक्तिक लाभासाठी त्याने यादी डावलून रंग बदलला.

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी चाललं असतं. काजूकतलीचा डबा सायकलला बांधून परत करणारा माणूस, त्याच्या नावापुढे सरकारी कागदावर 'वैयक्तिक लाभ'. तो कागद लिहिणारा समोर असता तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही.

घरी येताना दादाला अर्ध्या रस्त्यात थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. सत्तेचाळीस, निळा, हिरवा, सगळं. तो बराच वेळ कानातली मशीन बोटाने दाबत उभा राहिला, जसं काही तिच्यातच बिघाड आहे. मग हळूच म्हणाला की हे तू मला बोललीस, आता कुणालाच बोलू नकोस. त्याचा हिशोब सरळ होता. एवढ्या वर्षांचा मंजूर नकाशा, गडबड झाली हे त्यांना सिद्ध करता येणार नाही, नुसत्या संशयावर कुणी हिरवा पुसत नाही. मी गप्प राहिले तर मैदान राहतं. मी तोंड उघडलं तर गडबड झाली हे आपणच लिहून दिल्यासारखं.

"आणि बाबांवर जे लिहिलंय ते?"

"बाबा गेले गं. त्यांना आता कोण काय म्हणतंय याने काय फरक पडतो? खेळणारी पोरं जिवंत आहेत."

त्याचं खोटं नव्हतं. तीन-चार दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. सून म्हणाली, आई, काय झालंय, तब्येत बरी नाही का? तिला म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय. संध्याकाळी गच्चीवर गेलं की मैदान दिसायचं, क्रिकेट खेळणारी मुलं दिसायची, वाटायचं दादाचंच बरोबर. खाली बैठकीत आलं की बाबांचा फोटो, खिशाला दोन पेनं लावलेला. इकडे आड तिकडे विहीर. मैदान वाचवायचं तर बाबांना चोर म्हणवून घ्यायचं, बाबांना सोडवायचं तर मैदान द्यायचं.

सुनवाईच्या दिवशी आम्ही आठ-दहा जण गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबलामागे अधिकारी मॅडम. मॅडम शांत होत्या, सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. दुकानवाल्यांचा वकील माझ्या मुलाहून लहान, इतका अदबशीर की राग धरायलाही जागा नाही. येताना त्याने मला दार उघडून दिलं, आंटीजी आप बैठिए म्हणाला. आणि मग उभा राहून तेच वाक्य, माझ्या बाबांबद्दलचं, त्याच अदबीने बोलला. दादाने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी तो काढला आणि उभी राहिले.

मॅडमना हिंदीत सांगितलं की त्या ड्राफ्ट्समनची मी मुलगी. हा रंग त्यांनी नाही, मी भरलाय. यादीत निळा होता हे मला दिसलं होतं, तरी मी हिरवा भरला.

मॅडमनी चष्मा काढला. "उस समय आपकी उम्र?"

"नौ साल."

हॉलमध्ये हसू पसरलं. मॅडम नाही हसल्या. त्यांनी विचारलं, मग वडिलांच्या लक्षात आलं नाही? मी म्हटलं, नाही आलं, कामाचा बोजा होता, माझ्यावर विश्वास होता, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि हे मी शपथेवर बोलले असते, कारण मला तेच खरं वाटत होतं. वकिलाने माझे आभार मानले. मागे दादाने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

मग मॅडमनी मूळ नकाशा मागवला. पत्र्याच्या लांब नळकांड्यातून तो बाहेर आला, टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर फायली ठेवल्या. मी विचारलं, मी बघू का? त्या म्हणाल्या, या.

कागद पिवळा पडला होता, पण रंग तसेच. बाबांचा पिवळा, बाबांचा जांभळा. आणि मध्ये माझा हिरवा, रेघेला रेघ लावून. मी वाकले. छत्तीस नंबरच्या उजव्या कोपऱ्यात तिळाएवढं लाल टिंब. सदतीसला टिंब. अडतीस, चाळीस, त्रेचाळीस, शेहेचाळीस. अठ्ठेचाळीसला, एकोणपन्नासला. माझा मीच भरलेला पन्नास नंबर, त्यालाही टिंब. सत्तेचाळीसला नाही.

मी पुन्हा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. नाही.

त्या टिंबाचा अर्थ साऱ्या शहरात एकट्या मलाच ठाऊक होता. टेबलाची कड धरून मी मॅडमना सांगितलं की बाई, मी आत्ता चुकीचं बोलले. त्यांना कळलं होतं. टिंब म्हणजे काय ते समजावलं. मॅडम उठल्या, बोटाने एकेक तुकडा बघत गेल्या. वकीलही वाकला. साऱ्या नकाशात, शेकडो तुकड्यांत, एकच तुकडा बिनटिंबाचा. बाबांनी खोट्यावर आपली खूण केली नव्हती. आणि ब्लेडही लावलं नव्हतं.

बाहेर आल्यावर जिन्यात सगळे माझ्या पुढून निघून गेले. दादासुद्धा.

निकाल यायला काही आठवडे लागले. नकाशातली त्रुटी मान्य, जमीन बाजाराची, दुकानाला परवानगी. त्याच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती, की तत्कालीन मानचित्रकाराने, म्हणजे बाबांनी, सदर खंड सत्यापित केला नव्हता, त्यामुळे त्यांच्यावरील आक्षेप निराधार आहे. ती ओळ मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहून वाचली, मोठ्याने. मग पोहे करायला घेतले आणि मीठ दोनदा घातलं. जिंकले होते आणि हरले होते, आणि गल्लीत बोलायला कुणी नव्हतं. भाजीवाल्याच्या गाडीपाशी बायका मला जागा करून द्यायच्या आणि गप्प व्हायच्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या मुलांचं मैदान मी घालवलं होतं. दादाशी तर भिंतीला भिंत, पण दोन महिने शब्द नाही. त्याच्या मशीनची पिकपिक ऐकू यायची, तो नाही.

संक्रांत आली. मैदानाच्या कडेला पत्र्यांचे ढीग येऊन पडले होते, दुसऱ्या दिवसापासून दुकानवाले त्यांचं कुंपण ठोकणार होते. मी जाणार नव्हते. सून म्हणाली, आई, शेवटची संक्रांत आहे, चला. तिळगुळाचा डबा घेऊन गेले आणि कडुनिंबाखाली उभी राहिले, जिथे बाबा उभे होते. गल्ली सगळी आली होती. पोट सुटलेली माणसं गिल्लीमागे धावत होती, पण कुणाची टर उडवायची माझी इच्छा नव्हती.

दादा पाय ओढत माझ्याकडे आला. हातात गिल्ली-डंडा. मी डबा पुढे केला. त्याने तिळगूळ उचलला, तोंडात टाकला, गोड बोल वगैरे काही म्हणाला नाही. पत्र्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ते टिंबाचं ऐकल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, त्या दिवशी तुझे बाबा इथे आले होते ते तुला आठवतं का? मी म्हटलं, आठवतं, मी विहिरीमागे दडले होते. तू तेव्हा त्यांच्याशी बोलत होतास. काय म्हणाले होते?

"विचारलं, रोज किती जण खेळता रे? मी म्हटलं, तीस-पस्तीस. पाऊस असला तरी. मग म्हणाले, दुसरीकडे जागा आहे का कुठे? मी म्हटलं, नाही काका, हीच आहे."

मुलं ओरडत होती, त्याने मशीन कानात नीट बसवली.

"मग त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, हे घे, तुमच्या गिल्लीची टोकं बोथट झालीयत, नीट कर. मला आता याचं काम नाही. दोन संक्रांती आम्ही त्याच ब्लेडने गिल्ल्या तासल्या. मला वाटलं, काका दिलदार आहेत. बस, एवढंच वाटलं."

दादाने डबा माझ्या हातातून घेतला आणि डंडा दिला. म्हणाला, चल, तुझी पाळी. मी मैदानाच्या मधोमध गेले, डंडा धरून उभी राहिले आणि सगळ्या गल्लीसमोर रडले. दादाने वाकून खाचेवर गिल्ली आडवी मांडली आणि माझं रडून होईपर्यंत तिथेच थांबला.